लाल पेन जरा बाजूला ठेव

अगं, परवा बाजारात हातातल्या पिशव्या सांभाळत तू जे बोललीस, ते काही डोक्यातून जाईना. चौथीतल्या पोराच्या वहीत लाल रेघाच रेघा, रोज संध्याकाळी त्याला शेजारी बसवून खाडाखोड, आणि शेवटी तो रडतो, तुलाही रडू येतं. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत सांगते.

माझ्या थोरल्याच्या वेळी मीही हेच केलं. ‘माझ्या मामाचा गाव’ असा निबंध होता. त्यानं लिहिलं, ‘मना मामाना वावरमा कपाशी शे. माले तठे करमस.’ मी त्यावर लाल पेनानं काट मारली आणि म्हटलं, घरी बोलतो तसं लिहायचं नसतं. पुढच्या वेळी त्यानं गाईडातला निबंध उतरवून काढला. एकही चूक नव्हती, पण त्यात त्याचा मामाही नव्हता. गावाशेजारी डोंगर, खळखळणारी नदी, हिरवी झाडी. माझ्या भावाच्या गावाला डोंगर कुठला, माय! मला फार वाईट वाटलं. माझं पोरगंच त्या वहीतून निघून गेलं होतं, आणि त्याला बाहेर काढलं होतं मी.

म्हणून पहिलं हेच सांगते: त्याच्या अहिराणीला चूक म्हणू नकोस. ती त्याच्या आजीची भाषा आहे. शाळेची मराठी त्याला तिच्याच शेजारी बसून शिकू दे. मी आणि माझा थोरला जेवताना खेळ खेळायचो. मी म्हणायची, ‘माले भूक लागनी’, तो म्हणायचा, ‘मला भूक लागली’. मग उलट. ‘वावरमा’चं ‘वावरात’, ‘तुना’चं ‘तुझा’. महिन्याभरात त्याला कळलं की आपल्याकडे एक नाही, दोन भाषा आहेत. ‘वावर’ शब्द मात्र मी बदलू दिला नाही. तो मराठीच आहे, आणि त्याच्या तोंडात ‘शेत’पेक्षा खरा वाटतो.

दुसरं, कोऱ्या कागदासमोर त्याला एकटं बसवू नकोस. बहिणाबाई चौधरींचं आठव. असोद्याची लेक, जळगावात नांदली, लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात नि शेतात काम करताना सुचलेलं त्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ ते उतरवून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांची गाणी पुस्तकात आली. कुणीतरी शेजारी बसून ते लिहून घेतलं, म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. तिथे आई बोलली, लेकानं लिहिलं. तुझ्या घरी लेकाला बोलू दे आणि तू लिही.

तू भाकरी थापत असताना त्याला विचार: कापूस वेचताना बोटांना काय टोचलं? मामी काय म्हणाली? दुपारी कुठे बसून जेवलात? ‘कसं वाटलं’ असं विचारू नकोस. त्याला ‘छान’शिवाय उत्तर सुचत नाही. माझ्या पोरानं सांगितलं होतं, बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडली आणि मग मिठाचं बोट तोंडात घालवेना. हात पुसून मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि रात्री त्याला वाचून दाखवलं. ‘हे मी बोललो?’ म्हणून तो बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः लिहिलं. सातच ओळी, पण त्याच्या होत्या.

ओळी कमी भरल्या म्हणून रागवू नकोस. आपल्याच धरणगावात १३ ऑगस्ट १८९० ला जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरेंना जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचेच होते. त्यांची ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची आहे. नीट पाहिलेलं असलं की आठ ओळी पुरतात, हे पोराला जरूर सांग.

आता चुका. त्या सोडायच्या नाहीत, पण एका आठवड्यात एकाच जातीची चूक धरायची. बाकीच्या दिसल्या तरी गप्प बस. मला हे फार जड गेलं. पहिला आठवडा शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा: पाणी, पाटी, लाडू, चाकू, शेवटचं दीर्घ. ‘आणि’ मात्र वेगळा, म्हणून तो भिंतीवर लिहून लाव. मग फूल पण फुलाला, मूल पण मुलाला, वीट पण विटा, बहीण पण बहिणीला. हे तोंडी म्हणत गेलं की कानात बसतं. गुण, विष असे संस्कृतातून आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, ते नंतर. अक्षरासाठी दुरेघी वहीत रोज दहा मिनिटं पुरे. पान भरायची शिक्षा देऊ नकोस, हात दुखला की अक्षर आणखी बिघडतं.

आणि त्याचं लिखाण वाचायला कुणीतरी हवं. अमळनेरला १९२४ ते १९३० शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. आपण लिहिलेलं वाचायला कुणीतरी वाट बघतंय, याचं बळ मोठं असतं. तू किराण्याची यादी त्याच्याकडून लिहून घे, लोणच्याच्या बरणीवर नाव लिहायला दे, आणि आखाजीच्या सणाला आत्याला माहेरी बोलावण्याचं पत्र त्यालाच लिहू दे. माझ्या पोराचं पत्र गेल्यावर आत्यानं फोन करून विचारलं, ‘बोटं बरी झाली का रे?’ त्या रात्री त्यानं न सांगता दुसरं पत्र लिहायला घेतलं.

रविवारी दुपारी त्याला घेऊन ये गं. वहीचं नंतर बघू. सुट्टीत मामाकडे काय काय केलं, ते मला आधी त्याच्या तोंडून ऐकायचंय.