पंपाच्या भोकातून पाणी ठिबकते, ते बुजवावे का?

प्रश्न : मासळीच्या वाहतुकीसाठी वडिलांनी घेतलेला टाटा-मर्सिडीज ट्रक आम्ही भावंडांनी दुरुस्त करून पुन्हा चालता केला. आता वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकते. एक मिस्त्री म्हणतात, रेडिएटरमध्ये हळद टाका; दुसरे म्हणतात, भोक एम-सीलने बुजवा. काय करावे? आणि ते भोक कारखान्याने ठेवलेच कशाला?
– एक वाचक, उत्तन

उत्तर : दोन्ही उपाय टाळा. ते भोक मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या शाफ्टच्या एका टोकाला पाणी ढकलणारा इंपेलर असतो, दुसऱ्या बाजूला बेअरिंग. मधल्या सीलमध्ये दोन गुळगुळीत कड्या, त्यांतली एक बहुधा कार्बनची, स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींना चिकटून असतात; एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी स्थिर राहते. त्या झिजल्या की पाणी पलीकडे झिरपते आणि बेअरिंग गाठण्याआधी भोकातून बाहेर पडते. भोक बुजवले तर तेच पाणी बेअरिंगमधले ग्रीस धुऊन टाकेल. बेअरिंग गंजून ढिले झाले आणि पंखा त्याच शाफ्टवर असला, तर पाती रेडिएटरची जाळी फाडतात.

हळदीची युक्ती अगदी निराधार नाही. हळदीतले पिष्ट गरम पाण्यात फुगते आणि तिचे कण रेडिएटरच्या बारीक छिद्रात अडकून बसतात. हायवेवर अडकलेल्या ड्रायव्हरला तेवढा आधार पुरतो. पण सीलच्या कड्या सतत एकमेकींवर घासतात. तिथे कण टिकत नाहीत. उलट ते रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतात आणि इंजिन तापू लागते.

आधी पाणी नक्की कुठून येते ते पाहा. इंजिन थंड असताना पंप पुसून कोरडा करा, भोवती खडूची भुकटी लावा आणि थोडा वेळ इंजिन चालवा. मग इंजिन बंद करून ओघळाचा माग काढा. होजच्या क्लिपपाशी किंवा गॅस्केटच्या कडेला ओल दिसली, तर काम स्वस्तात निभावेल. भोकापाशीच दिसली, तर पंखा वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला किंवा चालताना घरघर ऐकू आली, तर बेअरिंगही गेले आहे; गाडी रस्त्यावर काढू नका. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका.

काही जुन्या पंपांत सीलऐवजी ग्लँड असतो. तो उत्तनच्या मच्छीमारांना सांगायला नको. बोटीच्या पंख्याच्या शाफ्टवर ग्रीस लावलेली पॅकिंगची दोरी असते, तीच ही रचना. अशा पंपाचा नट थोडा आवळला किंवा दोरी बदलली की भागते. नट फार आवळू नका, शाफ्टला चर पडतात.

तुमचा पंप सीलचा असेल तर तो उतरवून 'रिकिट' करून घ्या : नवे सील, नवे बेअरिंग, नवे गॅस्केट. इंपेलर काढण्यापूर्वी तो शाफ्टवर किती आत बसला आहे ते मोजून लिहून ठेवा, आणि हातोड्याने न ठोकता पुलरने काढा. सीलच्या घासणाऱ्या कड्यांना तेलकट बोट लागू देऊ नका. शाफ्टला चर पडले असतील तर शाफ्टही बदला. किट गावात मिळाले नाही, तर जुना नमुना बरोबर घेऊन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करा.

सील का गेले, हेही पाहायला हवे. समुद्रकाठच्या मचूळ विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घातले असेल, तर त्यातले क्षार ओतीव लोखंड खातात आणि सुटलेला गंज सीलवर कानसीसारखा चालतो. म्हणून संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्या आणि निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी भरा. ग्लायकॉलचे कूलंट चवीला गोड पण विषारी असते. मुले आणि कुत्री-मांजरे यांच्यापासून ते दूर ठेवा. ट्रक महिनोन्‌महिने उभा राहिला तरी सीलच्या कड्या चिकटतात. पंधरवड्यातून एकदा इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवा, पण पाण्याशिवाय क्षणभरही नको. कोरडे सील लगेच जळते.

टाटांची टेल्को आणि मर्सिडीजवाले डाइमलर-बेन्झ यांचा करार 1954 सालचा. तो 1969 मध्ये संपला. जमशेदपूरहून निघालेला, मर्सिडीजच्या ताऱ्याचा तुमचा ट्रक त्याच काळातला. त्याच्या पंपाची मूळ बॉडी तडकलेली नसेल, तर नव्या पंपाच्या मोहाने ती भंगारात देऊ नका. सील आणि बेअरिंग झिजण्यासाठीच असतात. बॉडी सांभाळलीत तर हाच पंप पुन्हा अनेक वर्षे चालेल.