आधी पूर्वपक्ष

समजा, एका गावातील शाळेस नवी खोली बांधावयाची आहे आणि नेमक्या त्याच जागी एक जुना कडुलिंब उभा आहे. झाड तोडावे की राखावे? हा प्रश्न सातवीच्या वर्गात निघाला, तर काय होईल हे सांगण्यास ज्योतिषी नको. ज्याचा आवाज मोठा, त्याची सरशी होईल. मागच्या बाकावरील एखाद्या अबोल मुलीचे म्हणणे कोणाच्या कानीही पडणार नाही.

अशा गलक्यास चर्चा म्हणत नाहीत. हा भेद आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी चांगला ओळखला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादविवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. शब्दांचा छल करूनही जिंकावयाचेच, अशा ईर्ष्येने चालतो तो जल्प. स्वतःचे मत न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. आज 'वाद' म्हटले की भांडण डोळ्यांपुढे येते. परंतु या तिघांत मान होता तो वादालाच!

शास्त्रकारांची आणखी एक रीत होती. आपले मत सांगण्यापूर्वी ते प्रतिपक्षाचे मत मांडीत. यास पूर्वपक्ष म्हणत. तो मुद्दाम दुबळा करून मांडण्यात अर्थ नसे; दुबळ्यास हरविण्यात कसला पराक्रम? पूर्वपक्षाला उत्तर दिल्यावर मग सिद्धान्त येई.

आता त्या वर्गात गुरुजींनी हीच रीत घातली, असे समजू. बोलण्यापूर्वी आधीच्याचे म्हणणे सांगावयाचे आणि त्याने 'होय' म्हटल्यावरच आपले मत मांडावयाचे. आरंभी सारेच अडखळतात. एक मुलगा म्हणतो, "हिला खेळण्यासाठी झाड हवे आहे."

"मी तसे म्हटले नाही," ती अबोल मुलगी उत्तरते. "पहिलीची मुले दुपारी डबा खातात, तेव्हा त्यांना दुसरी सावली नाही."

मुलगा तिचे म्हणणे पुन्हा सांगू लागतो आणि मध्येच थांबतो. नवी खोली हवी आहे, ती त्याच पहिलीच्या मुलांसाठी! मग 'तोडावे की राखावे' हा प्रश्न मागे पडतो आणि खोली विहिरीच्या बाजूस सरकविता येईल काय, असा नवा प्रश्न निघतो. दोघे-तिघे दोरी घेऊन अंगणात जातात. जागा चार हात कमी भरते. ती परत वर्गात येतात, आणि या खेपेस पूर्वपक्ष सांगण्याची पाळी त्या मुलीची असते.