मीटर एक, चुली दोन

प्रश्न : आम्ही दोघी जावा एकाच घरात, पण चुली वेगळ्या. मीटर मात्र एकच. शंभर युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना जादा दर लागतो. शेजारच्या बंगल्यात एकटे राहणारे काका स्वस्तात सुटतात. सरकारी मदतीचा हा कसला न्याय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी धास्ती सोडा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. १०१वं युनिट पडलं तरी पहिली १०० स्वस्तच राहतात, चढा दर फक्त वरच्या युनिटना. (दिल्लीत मात्र महिन्याला ४०० ओलांडली की अनुदानच जातं!)

तुमची तक्रार तरीही खरी आहे. टप्पा मीटर बघून ठरतो, घरातली माणसं मोजून नाही. शिवाय हा स्वस्त दर बराचसा सरकारी तिजोरीतून नव्हे, तर उद्योगांच्या आणि जास्त वीज वापरणाऱ्यांच्या बिलांतून निघतो.

बिऱ्हाडं खरोखर वेगळी असतील तर स्वतंत्र जोडणीसाठी अर्ज करा. शिधापत्रिका वेगळी असल्यास तीही जोडा. नुसता टप्पा चुकवायला दुसरा मीटर मागाल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आणि दुसरा मीटर म्हणजे दुसरा स्थिर आकार, तोही दरमहा. तेव्हा अर्जाआधी वर्षभराची बिलं समोर ठेवून दोघी मिळून हिशेब करा.