रंग बदलणारा झिंगा : ओळख व जोपासना



तळ्याच्या काठाला पाणवनस्पतींतून फडके ओढले की बोटाच्या पेराएवढे झिंगे हाती लागतात. त्यांत कोणी हिरवा, कोणी तपकिरी, तर कोणी काचेसारखा पारदर्शक असतो. घरी आणून पांढऱ्या तसराळ्यात ठेवावे, तर काही वेळाने हिरवा फिका पडतो. मग घरात वाद होतो : झिंगा दुसऱ्या जातीचा निघाला, की पाणी बाधले? या धड्यात आपण तेच समजून घेऊ.

१) हा झिंगा कोणता?

गी बाबॉल्ट या फ्रेंच प्रवाशाने 1914 साली त्या वेळच्या मध्यप्रांतात प्रवास करून प्राण्यांचे नमुने गोळा केले. आपला बालाघाट जिल्हाही तेव्हा मध्यप्रांतातच होता. बाबॉल्टने हिंदुस्थानातून नेलेल्या गोड्या पाण्यातील एका लहान झिंग्याला बूव्हिए या शास्त्रज्ञाने 1918 साली ‘कॅरिडिना बाबॉल्टी’ असे नाव दिले. आज देशोदेशीचे हौशी लोक हा झिंगा काचेच्या टाकीत पाळतात. व्यापारी त्याला हिरवा, पिवळा, तपकिरी अशी रंगावरून नावे देतात. पण विकत आणलेला हिरवा झिंगा नव्या टाकीत तपकिरी होतो आणि घेणाऱ्याला फसल्यासारखे वाटते. म्हणून पहिला नियम असा : रंगावरून जात ओळखू नये.

२) मग ओळखावे कसे?

नांगी पाहावी. कॅरिडिना गटातील झिंग्याच्या नांग्या अगदी आखूड असून टोकाला केसांचा कुंचला असतो. या कुंचल्याने तो पानावरचे शेवाळ दिवसभर खरवडून खात असतो. त्याची लांबी सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर भरते. उलट मोठ्या नदीकोळंबीच्या पिलाला दोन लांब, सडपातळ नांग्या पुढे आलेल्या दिसतात. ते पिलू लहान झिंग्यांना खाते, म्हणून दोघांना एका भांड्यात ठेवू नये. नेमकी जात मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते.

३) रंग का बदलतो?

झिंग्याचे कवच पातळ व पारदर्शक असते. त्याखालच्या पेशींत रंगाचे बारीक कण असतात. कण पसरले की झिंगा गडद दिसतो, एका जागी गोळा झाले की फिका. ही आज्ञा डोळ्यांच्या देठांतून निघणाऱ्या रसाकडून रक्तावाटे मिळते. पर्किन्स या शास्त्रज्ञाने 1928 साली एका झिंग्याच्या डोळ्यांच्या देठांचा अर्क दुसऱ्या गडद झिंग्याला टोचला, तेव्हा तो फिका पडला. तळ, उजेड, भीती व कात टाकण्याची वेळ यांप्रमाणे रंग बदलत राहतो. काळ्या तळावर गडद आणि पांढऱ्यावर फिका झालेला झिंगा आजारी नसतो.

आजाराची खूण वेगळी आहे. निरोगी झिंगा फिका असला तरी आरपार दिसतो. अंगातले मांस दुधासारखे पांढरे व अपारदर्शक झाले, किंवा झिंगा कुशीवर पडून राहिला, तर संकट समजावे. पुष्कळदा दोष पाण्यात असतो.

४) जोपासना

• तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असेल, तर विचारूनच झिंगे घ्यावेत.

• वीस लिटरच्या काचेच्या टाकीत दहा-पंधरा झिंगे पुरेत. तळाला धुतलेली काळसर वाळू आणि तळ्यातील थोड्या पाणवनस्पती घालाव्यात. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून तोंडाला पातळ कापड बांधावे.

• दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. ब्लीचिंग पावडर घातलेले पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.

• शेवाळ असेल तर वेगळे अन्न थोडेच लागते. उकडलेल्या पालकाचे लहान पान टाकून उरलेले दुसऱ्या दिवशी काढावे. झिंग्याने टाकलेली कात मात्र राहू द्यावी, तो ती खातो व त्याला चुना मिळतो.

• वैशाखात टाकी सावलीत ठेवून बाहेरून ओले पोते गुंडाळावे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पहाटे झिंगे पृष्ठभागाशी जमले, तर लगेच थोडे पाणी बदलावे.

• मादी पोटाखाली अंडी बाळगते. तीन-चार आठवड्यांत पिले सुटतात. तेव्हा पाणी उपसताना तोंडाला फडके लावावे.

५) सर्वांत मोठा शत्रू

तांबे! मलाजखंडच्या खाणीमुळे हा धातू आपल्या जिल्ह्याला चांगला ओळखीचा. माणसाला तो अल्प प्रमाणात लागतो, पण झिंग्याला थोडाही घातक ठरतो. म्हणून झिंगे तांब्याच्या हंड्यात ठेवू नयेत आणि मोरचूद हाताळलेले हात धुतल्याशिवाय टाकीत घालू नयेत. धानावर फवारायची कीटकनाशके, विशेषतः सायपरमेथ्रिनसारखी, किड्यांप्रमाणेच झिंग्यांनाही मारतात, कारण दोघांच्या शरीराची ठेवण जवळची आहे. घरातला डासांचा फवाराही टाकीजवळ मारू नये.

यातच शेतकऱ्यासाठी खरा धडा आहे. फवारणीनंतर बांधीतले पाणी तळ्यात उतरले व काठचे झिंगे एकाएकी मेलेले दिसले, तर ती धोक्याची सूचना समजावी. ते पाणी जनावरांना पाजू नये, तिथली मासळी खाऊ नये आणि ग्रामपंचायतीला कळवावे. मात्र झिंगे जिवंत आहेत म्हणजे पाणी पिण्याजोगे आहे, असे मुळीच नव्हे. जुलाब व कावीळ यांचे जंतू झिंग्याला मारत नाहीत. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये, आणि फवारलेल्या बांधीचे पाणी औषधाच्या डब्यावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत अडवून धरावे.

घरी करून पाहा : मुलांनी चार झिंगे पांढऱ्या भांड्यात व चार काळ्या मातीच्या भांड्यात ठेवावेत. सकाळ-संध्याकाळ रंग वहीत लिहावा. तीन दिवसांनी भांडी बदलून पुन्हा पाहावे. शेवटी झिंगे जिथून आणले तिथेच सोडावेत. दुकानातून आणलेले झिंगे मात्र तळ्यात किंवा वैनगंगेत कधीही सोडू नयेत.

उत्तरे द्या : १) झिंगा ओळखताना रंग पाहावा की नांगी? २) फिका झिंगा व आजारी झिंगा यांत फरक काय? ३) फवारणीचा पंप तळ्यात का धुऊ नये?