आकारांची भाषा : चाकापासून ‘लीलावती’पर्यंत



दहावीनंतर भूमितीशी असलेला आपला संबंध संपला, असे आपल्यापैकी अनेकांनी गृहीत धरलेले असते. मराठीच्या अभ्यासक्रमात तिचे काय काम, ही शंकाही रास्त आहे. प्रस्तुत पाठात आपण भूमितीच्या परिभाषेकडे भाषेचे अभ्यासक म्हणून पाहणार आहोत.

जळगाव शहरात सामावलेल्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला रथोत्सव होतो. गर्दीची नजर रथावर असते; आपण ती क्षणभर चाकाकडे वळवू. गोल चाकाखाली लाकडी मोगरी सारून तो भार थोपवतात, वळवतात. आता साधे बैलगाडीचे चाक घ्या. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर लोखंडी धाव आणि आरपार आस. ‘पृथ्वी स्वतःच्या आसाभोवती फिरते’ हे वाक्य आपण शाळेत पाठ केले, तो आस हाच. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी ठेवतात. तापवल्यावर ती प्रसरण पावून चाकावर बसते व पाणी ओतताच आवळते. चाक सात वीत रुंद असेल तर घेर बावीस वीत, एवढा हिशेब कारागिराला पुरतो.

हेच प्रमाण भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ‘स्थूल’ म्हणून दिले आहे, ‘सूक्ष्म’ प्रमाण ३९२७ : १२५०. दोन्हींना मान्यता देणारी ही दोन विशेषणे मला फार आवडतात. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्यासंबंधीच्या १२०७ च्या शिलालेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे आपल्या भाषेच्या आरंभीच्या लेखनातील एक नमुना गणिताच्या पाठशाळेमुळे टिकला!

आता संज्ञा पाहा. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, त्याची टोके जोडणारी रेषा म्हणजे ज्या किंवा जीवा, आणि मधली उंची म्हणजे शर. धनुष्य, दोरी, बाण : सारे वर्तुळ एका रूपकात बसले आहे. ‘जीवा’ अरबीत गेली, तेथे तिचे वाचन बदलले, आणि लॅटिनमध्ये ‘सायनस’ होऊन इंग्रजीत ‘साइन’ म्हणून परतली. उलट ‘केंद्र’ हा आपल्याला अस्सल वाटणारा शब्द ग्रीकमधून आला. काटकोन त्रिकोणाच्या बाजू भुज, कोटी आणि कर्ण. (‘कोटी’ म्हणजे धनुष्याचे टोकही, शाब्दिक कोटीशी तिची गाठ घालण्याचा मोह मी आवरतो.)

‘लीलावती’तील एक उदाहरण घ्या. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचे बीळ. साप खांबापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर तिरकी झेप घेतो. दोघे समान अंतर कापतात. भेट कोठे होईल? बिळापासून बारा हातांवर. मोराचा मार्ग पंधरा हात, सापाचाही सत्तावीस वजा बारा, म्हणजे पंधरा. नऊ, बारा, पंधरा : सरळ त्रिकोण! पण वाचताना आपल्याला त्रिकोण दिसत नाही, मोर दिसतो. झेप संपल्यावर कर्ण उमटतो.

स्वयं-अध्ययनासाठी

१. आपल्या घरातील वा व्यवसायातील एक वस्तू निवडा. तिच्या प्रत्येक भागाचे बोलीतील नाव घरातील वडीलधाऱ्यांना विचारून टिपा आणि त्यातील कोणते नाव भूमितीतही वापरले जाते, ते नोंदवा.

२. मोर व सापाच्या उदाहरणाची आकृती स्वतः काढा आणि भुज, कोटी, कर्ण दाखवा.