ताकद कमी, मागणी जास्त

प्रश्न : 1950च्या दशकातल्या ईआरएफ, ॲटकिन्सन या ब्रिटिश लॉऱ्यांत गार्डनरचंच इंजिन एवढं का दिसतं? लेलँडचं जास्त ताकदीचं नव्हतं का?

उत्तर : होतं. लेलँडचं 9.8 लिटरचं '600' सुमारे 125 अश्वशक्ती देई. गार्डनरचं 8.4 लिटरचं '6एलडब्ल्यू' सुरुवातीला 102, पुढे 112. तीही मिनिटाला 1700 फेऱ्यांवर. पण 1957पर्यंत तिथे अवजड लॉरीला ताशी 20 मैलांचीच मर्यादा होती! मग जादा ताकद घेऊन करायचं काय? मालकाचं लक्ष डिझेलच्या बिलावर, आणि तिथे गार्डनरचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिवाय सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ब्लॉकमध्ये. एका बाजूला बिघाड झाला, तर दुसरी बाजू उघडायचं कारण नाही. ईआरएफ, ॲटकिन्सन स्वतः इंजिनं बनवत नसत. आणि लेलँड तर लॉऱ्या विकणारा त्यांचा प्रतिस्पर्धीच. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टच्या गार्डनरशी तसा प्रश्न नव्हता. वाट मात्र पाहावी लागे.

वेगळ्या वाटेचे दोघे होतेच. फोडेनचं 1948चं टू-स्ट्रोक, आणि 1954चं कॉमरचं 'टीएस3' : तीन सिलिंडर, सहा पिस्टन, प्रत्येक सिलिंडरात दोन समोरासमोर. जेमतेम 3.26 लिटरमधून 105 अश्वशक्ती! त्याची गुरगुर एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. मला विचाराल तर ऐकायला कॉमर, धंद्याला गार्डनर. 1958मध्ये आलेल्या 150 अश्वशक्तीच्या '6एलएक्स'नंतर तर ताकदीची तक्रारही बरीच निवली.