चिपाड, घायपात आणि पीपीचा दाणा

उद्यमबागेत प्लास्टिकचे जॉब काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बेळगाव हे फौंड्रीवाल्यांचं गाव. त्यांच्या पंगतीत आम्हा मोल्डिंगवाल्यांचं पान शेवटी. अलीकडे मी पीपीत, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये, वनस्पतींचा वाख मिसळून ट्रे, कव्हर, पॅनल काढतो. कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी येतात, निपाणीकडचे शेतकरी पोतं घेऊन येतात, आणि सगळ्यांना तेच तेच सांगावं लागतं. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

१. आधी ओल बघा. वाख हाताला कोरडा लागला तरी वजनाच्या आठ-दहा टक्के पाणी त्यात सहज असतं. बॅरलमध्ये त्या पाण्याची वाफ होते. मग पीस अंगावर चंदेरी रेघा घेऊन बाहेर येतो, आणि कापून बघितला तर आत बारीक भोकं. मूठभर वाख तोलायचा, १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवायचा, पुन्हा तोलायचा. जो फरक येतो ते पाणी. ते एक टक्क्याच्या खाली आल्याशिवाय माल हॉपरमध्ये जाऊ द्यायचा नाही. मृगापासून गणपतीपर्यंत बेळगावात जी झड लागते, त्या दिवसांत ओव्हनमधून काढलेला वाख चहा पिऊन येईस्तोवर परत ओल धरू लागतो. म्हणून ओव्हन मशीनच्या शेजारीच हवा, आणि काढलेला माल तडक बंद पिशवीत.

२. दोनशे अंशांच्या पुढे जाऊ नका. पीपी १६५ च्या आसपास वितळतं, आणि दोनशेच्या पुढे वाख करपायला लागतो. एवढ्याशा फटीत काम उरकायचं असतं. नायलॉन-६ वितळायलाच २२० लागतात, त्यामुळे तो नाद मी सोडून दिलाय. चिपाडात साखर राहिली असेल तर वास आधी येतो, गुऱ्हाळात चुलवाणाचा जाळ जास्त होऊन काहिलीचा तळ लागावा तसा. जुना ऑपरेटर तापमानाचा आकडा बघण्याआधी नाकानं ओळखतो. मशीन थोडा वेळ जरी थांबणार असलं तरी साधं पीपी घालून बॅरल धुऊन काढायचा.

३. पीपी आणि वाख आपणहून एकमेकांना धरत नाहीत. वाखाला पाणी प्यारं, पीपीला पाण्याचं वावडं. मधे मध्यस्थ लागतो: मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी, दोन ते पाच टक्के. ते घातलंय की नाही हे पट्टी मोडून कळतं. मोडलेल्या तोंडाशी धाग्यांची लांब टोकं मोकळी बाहेर आलेली आणि समोरच्या तुकड्यावर तेवढीच भोकं दिसली, तर पकड नाही. धागे तोंडाशीच तुटलेले दिसले तर पकड चांगली. कॉलेजची पोरं त्याआधी वाख कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात भिजवतात. त्यानं पकड सुधारते, पण ते पाणी नंतर कुठं सोडायचं हे त्यांच्या रिपोर्टात मी अजून वाचलेलं नाही.

४. वाख कुठला घ्यायचा, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. सगळे पहिल्यांदा चिपाडाचं नाव घेतात, कारण निपाणी-चिकोडी भाग म्हणजे ऊसच ऊस. पण साखर कारखाना स्वतःचं चिपाड, म्हणजे बगॅस, स्वतःच्याच बॉयलरला घालतो, वर त्यावर वीज करून विकतो. म्हणजे ते फुकटचं नाही. मिलमधून निघताना त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. शिवाय त्यातला भुसा स्पंजासारखा, तो चाळून काढावा लागतो. चाळूनही जे उरतं ते पीपीला बळ थोडं देतं, जागा जास्त भरतं.

ताग उत्तम. पण आमच्याकडे तो हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि फुलावर आला की गाडतात. वाखासाठी तो दुप्पट दिवस रानात उभा ठेवायचा, मग पाण्यात कुजवायचा, हे वेदगंगेकाठच्या ऊसवाल्याला परवडत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

राहिलं घायपात. माळावर, बांधावर, कुणी न लावता उभं असतं. शंभर किलो पानांतून जेमतेम चार किलो वाख निघतो, आणि पानाचा रस अंगावर उडाला की खाज सुटते. पण धागा राठ आणि लांब, हाताला दम लागतो. बेंदराच्या बाजारात याचीच आणि अंबाडीची दावी-कासरे मिळायचे; नायलॉनच्या दोरीनं त्यांना उठवलं. आता तोच वाख प्लास्टिकच्या पोटात शिरतोय, याची मला गंमत वाटते. तरीही मोठी ऑर्डर असली की मी गिरणीचा प्रतवारी केलेला ताग मागवतो. घायपाताचं दर पोतं वेगळं निघतं आणि गिऱ्हाइकाला दर पीस सारखा लागतो.

५. काचेच्या धाग्याशी ताकदीची बरोबरी सांगू नका. ओढून तोडायचं म्हटलं तर काच कितीतरी पुढे. वजनात मात्र वाख जिंकतो: त्याची घनता दीडच्या आसपास, काचेची अडीच. आणि काच स्क्रू-बॅरल खाते, पोरांचे हात खाजवते; वाखात ते नाही. हा फायदा माहितीपत्रकात कुणी छापत नाही.

६. हे नवं आहे असंही सांगू नका. १९०७ मध्ये बेकेलँडनं शोधलेल्या बॅकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा घालत. जुन्या घरातले काळे स्विच त्याचेच. पूर्व जर्मनीच्या ट्रॅबंट गाडीचे बाहेरचे पॅनल टाकाऊ कापूस आणि फिनॉल रेझिन दाबून केलेले असत. १९५७ ते १९९१ अशी ती गाडी निघाली. पुढे ते पॅनल ना वितळत, ना कुजत, आणि विल्हेवाटीचा घोर लागला. आमचं पीपी वितळतं तरी, पण मातीत मिसळत नाही. ‘निसर्गात विरघळणारा ट्रे’ असं छापून द्या म्हणणारे येतात. मी ‘प्लास्टिक तीस टक्के कमी’ एवढंच छापतो.

७. रंग तपकिरीच येणार. रनर, म्हणजे साच्याच्या वाटेत उरलेला माल, दळून परत वापरता येतो, पण दर फेरीला धागा आखूड होतो आणि माल आणखी काळवंडतो. काळा मास्टरबॅच घातला की सगळं झाकलं जातं. पांढरा माल मागणाऱ्याला मी पहिल्याच फोनवर नाही म्हणतो.